उंची ६ फूट ३ इंच, गाडी १५० सीसी : बसण्याची ठेवण कशी बदलावी? (नागपूर)

वर्धारोडकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. माझी उंची ६ फूट ३ इंच, वजन ९२ किलो. मनीषनगरहून बुटीबोरी एमआयडीसीत रोज जाणं-येणं आहे, म्हणजे दिवसाला पन्नासेक किलोमीटर. गाडी १५० सीसीची साधी कम्युटर (रोजच्या जाण्या-येण्याची), ६ वर्षं जुनी. इंजिन ठणठणीत, मायलेज चांगलं, विकायची अजिबात इच्छा नाही.

त्रास गुडघ्यांचा आहे. जामठ्याचं स्टेडियम येईपर्यंत काही जाणवत नाही. ते मागे पडलं की दोन्ही गुडघ्यांच्या वाटीभोवती ठणका सुरू होतो, उजव्यात जास्त. बुटीबोरीला उतरल्यावर पहिली चार पावलं नीट टाकता येत नाहीत. संध्याकाळी परत तेच. शिवाय कंबर वाकलेली राहते आणि माझे गुडघे टाकीच्या खोबणीत न बसता तिच्या वरच्या कडेला टेकतात.

दोन महिन्यांपूर्वी एका दुकानात दाखवलं. त्यांनी सांगितलं की हॅन्डल वर केलं की सगळं सुटेल. ३० मिलीमीटरचे रायझर (हॅन्डल उंच करणारे ठोकळे) बसवले. पाठ थोडी सरळ झाली हे खरं, पण गुडघे तसेच. आणि त्याच संध्याकाळी छत्रपती चौकाजवळ यू-टर्न घेताना हॅन्डल पूर्ण वळवलं तशी गाडीची रेस आपोआप वाढली. क्लच दाबला म्हणून वाचलो. शेजारून बस चालली होती. तेव्हापासून त्या गाडीवर पूर्ण वळण घ्यायची धास्ती बसली आहे.

एक अट आहे. दर मंगळवारी आईला टेकडी गणपतीला नेतो. ती साडीत, एका बाजूला पाय सोडून बसते. तिला चढा-उतरायला त्रास होईल असं काही करायचं नाही.

सुरुवात कुठून करू?

जुना पाना

वर्धारोडकर भाऊ, पहिले ते रायझर काढा. आजच काढा. तुमची रेस वाढली ना, ते एक्सलेटरचा वायर ताणल्यानं झालं. हॅन्डल वर गेलं, वायर तेवढाच राहिला. सरळ चालताना कळत नाही, पूर्ण वळवलं की वायर ओढला जाते आणि कार्ब्युरेटर उघडते. क्लचचा वायर ताणला तर क्लच अर्धवट सुटलेला राहते, प्लेटा जळतात. आणि समोरच्या डिस्क ब्रेकचा पाइप ताणला तर विचारूच नका. ज्यानं बसवले त्यानं गाडी मेनस्टँडवर घेऊन, इंजिन चालू ठेवून, हॅन्डल डावीकडे-उजवीकडे पूर्ण फिरवून पाहायला पाहिजे होतं. रेस जरा जरी हलली तर गाडी गिऱ्हाइकाच्या हाती द्यायची नाही. दोन मिनिटांचं काम आहे.

आता मूळ गोष्ट. मी ३२ वर्षं हा धंदा केला, आता मुलाच्या हाती आहे. उंच माणूस आला की नव्वद टक्के वेळा तो हॅन्डलपासून सुरू करते, कारण हात डोळ्यासमोर असतात. पण गाडीवर बसणं म्हणजे तीन टेकू: बूड, पाय आणि हात. यातला पायाचा टेकू, म्हणजे फुटरेस्ट, चॅसिसला कसलेला. तो सहजासहजी हलत नाही, आणि माझं ऐकाल तर हलवूही नये. मग गुडघा उघडायचा कसा? बूड वर आणि मागे न्यायचं. म्हणजे सीट. सीट झाली की पायाचे लिव्हर. ते झाले की मग हॅन्डल. हाच क्रम. उलटं केलं तर सगळं दोनदा करावं लागते, कारण सीट दीड इंच वर गेली की तुमच्यासाठी हॅन्डल आपोआप दीड इंच खाली गेलेलं असते.

तुमच्या सीटचा मधला भाग खोलगट झाला आहे का? ६ वर्षांत फोम बसतोच. ९२ किलोखाली तर नक्कीच. हात लावून पाहा आणि सांगा.

निळी टाकी

माझं मत थोडं वेगळं आहे. ६ फूट ३ इंचाला कम्युटर पुरणारच नाही. बाजारात उंच गाड्या आहेत की. स्प्लेंडर प्लसची सीट ७८५ मिलीमीटरवर, क्लासिक ३५० ची ८०५, एक्सपल्स २०० ४व्ही ची ८२५, केटीएमच्या आधीच्या ३९० अ‍ॅडव्हेंचरची ८५५ होती. मी स्वतः ६ फूट १ इंच आहे, एक्सपल्स घेतली आणि गुडघ्याचा विषय संपला.

काटोल रोड

निळी टाकी, तुमच्या गाडीबाबत सहमत. फक्त एक गोष्ट नोंदवतो, कारण मी ह्याच आकड्यांवर विसंबून एकदा चुकलो आहे. सीटची उंची म्हणजे जमिनीपासून सीट. तुमचा पाय जमिनीला टेकतो की नाही एवढंच ती सांगते. गुडघा किती दुमडणार हे ठरतं ते सीट आणि फुटरेस्टमधल्या अंतरावर, आणि ते अंतर माहितीपत्रकात कुठेच छापलेलं नसतं. एखादी गाडी जमिनीपासून उंच असते, पण तिचा फुटरेस्टही तितकाच वर आणि मागे असतो. मग पाय जमिनीला आरामात टेकतात आणि चालवताना गुडघे पोटाशी.

उलट उदाहरण अ‍ॅव्हेंजर २२० चं. सीट जेमतेम ७३७ मिलीमीटर, सगळ्यांत बुटकी. तरी उंच माणसाचा गुडघा तीवर मोकळा राहतो, कारण पाय पुढे सोडलेले असतात. पण त्याची किंमत माकडहाड चुकवतं. पाय पुढे असले की खड्ड्यावर बूड उचलता येत नाही, सगळा दणका सरळ कण्यात. मी दोन वर्षं चालवली, उमरेड रोडच्या कामाच्या काळात. नंतर विकली.

म्हणून शोरूममध्ये जाऊन आकडे वाचण्यापेक्षा शिवणकामाची टेप न्यावी, सीटच्या मधल्या खोलगट जागेपासून फुटरेस्टच्या रबरापर्यंत तिरपं अंतर मोजावं. मला ५० सेंटिमीटरच्या खाली त्रास होतो, हे मी चार गाड्या मोजून ठरवलं. प्रत्येकाचा आकडा वेगळा निघेल.

सोनेगाव फिजिओ

मी फिजिओथेरपिस्ट आहे, त्यामुळे गुडघ्यापुरतं लिहिते.

गुडघा जितका जास्त दुमडलेला, तितकी वाटी मांडीच्या हाडावर जास्त दाबली जाते. तीन तास नाटक बघून उठताना काही जणांना वाटीभोवती दुखतं, ते ह्याच कारणाने. तिथे निदान पाय लांब करता येतो. गाडीवर ती सोय नाही, आणि उजव्या पायाला ब्रेकसाठी सतत घोटा उचलून धरावा लागतो, म्हणून उजवा जास्त दुखणं स्वाभाविक आहे. सूज असेल, गुडघा मध्येच अडकत असेल किंवा जिना उतरताना पाय लचकत असेल तर मात्र गाडीत बदल करत बसू नका, आधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.

अंदाजाने काही करण्याआधी कोन मोजा. गाडी सपाट जागी मेनस्टँडवर घ्या. रोजचे बूट, रोजची पँट. तीन टिकल्या लावा: खुब्याचं बाहेरून हाताला लागणारं हाड, गुडघ्याची बाहेरची बाजू, घोट्याचं बाहेरचं हाड. रोज बसता तसे बसा, ताठ होऊन नको. घरातल्या कोणाला तरी दहा फुटांवरून, मोबाइल गुडघ्याच्या उंचीवर धरून अगदी बाजूने फोटो काढायला सांगा. त्याची प्रिंट काढून तीन टिकल्या पट्टीने जोडा आणि शाळेतला कोनमापक ठेवा. प्रत्येक बदलानंतर हाच फोटो पुन्हा काढा. शरीर दोन दिवसांत नव्या स्थितीला सरावतं आणि मग खरंच फरक पडला की मनाचं समाधान झालं ते कळत नाही. फोटो ते सांगतो.

वर्धारोडकर

सगळ्यांचे आभार. काल रायझर काढले. ताईंनी सांगितलं तसा फोटोही काढला, पुतण्याने मदत केली. गुडघ्याचा कोन ७२ अंश आला. आकडा बघून मीच चमकलो. म्हणजे जवळपास पाटावर बसल्यासारखा मी रोज पन्नास किलोमीटर जातोय.

पाना काका, सीट तपासली. मधे खोलगट झाली आहे. अंगठ्याने दाबलं की खालचा प्लॅस्टिकचा तळ लागतो. आणि मागच्या सीटची जी पायरी आहे ती माझ्या कंबरेला अडते, त्यामुळे मागे सरकताच येत नाही. खोबणीत अडकल्यासारखं होतं.

सदर बाजार

भाऊ, एवढं कशाला. माझ्या मित्राने फुटरेस्टला लोखंडी पट्टी वेल्डिंग करून दोन इंच खाली घेतला. अर्ध्या तासाचं काम. गुडघा मोकळा.

जुना पाना

सदर बाजार भाऊ, तुमच्या मित्राला हात जोडून सांगा, ते काढून टाक म्हणा.

कम्युटर गाड्यांमध्ये बहुतेक वेळा दोन्ही बाजूंचा पुढचा फुटरेस्ट एकाच पाइपचा असतो आणि तो इंजिनखाली चार बोल्टांवर कसलेला असतो. तो दोन इंच खाली घेतला की वळणावर गाडी झुकली की टेकते. आमच्या इकडचे स्पीडब्रेकर तुम्ही पाहता. एखाद्यावर फुटरेस्ट आपटला तर मागचं चाक उचललं जाते. काही गाड्यांचा फुटरेस्ट घडीचा असते, टेकला की वर मुडपते आणि माणूस सावध होते. पट्टी वेल्ड केली की ती सोय गेली, टेकल्यावर सरळ गाडी फेकते. वेल्डिंगनं त्या जागचं लोखंड कडक आणि ठिसूळ होते, ते वेगळंच. मी तुटलेले फुटरेस्ट पाहिले आहेत. पाय खाली जाते तो थेट रस्त्यावर.

ज्या गाडीला डाव्या-उजव्या बाजूचे वेगळे, बोल्टवर बसणारे ब्रॅकेट असतात तिच्यासाठी तयार खालचे ब्रॅकेट मिळतात, ते चालते. वर्धारोडकर, तुमच्या गाडीला नाही.

काटोल रोड

ह्यात कायद्याची बाजूही आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाने ठरवलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये ते स्पष्ट केलं. सीटचा फोम बदलणं वेगळं आणि चॅसिस कापणं-वेल्ड करणं वेगळं. शंका असेल तिथे आरटीओत विचारून घ्यावं. विम्याचा दावा करायची वेळ आली तर सर्व्हेअर सगळ्यात आधी वेल्डिंगच बघतो. आणि मूळ सुटे भाग काही झालं तरी फेकायचे नाहीत.

जुना पाना

बरोबर. आता वर्धारोडकर, सीटचं ऐका. हे नीट लिहितो, कारण इथंच सगळे फसतात.

मूळ सीट उघडू नका. सेकंडहँड सीट घ्या, फाटकी चालते, फक्त खालचा प्लॅस्टिकचा तळ आणि कुलपाची कडी चांगली पाहिजे. तिच्यावर काम करा. बिघडलं तर जुनी लावून ऑफिसला जाता येते.

सीटवाल्याला "उंच कर" असं सांगू नका. तो वरून मऊ फोमची एक पट्टी ठेवते, रेग्झिन ओढते, आणि पहिल्या दिवशी तुम्ही खूश. महिन्याभरात मऊ फोम दबून तुम्ही पुन्हा होते तिथेच. खाली कडक पाहिजे. फोमचे तुकडे दाबून बनवलेला रिबॉन्डेड फोम मिळते, रंगीत ठिपक्यांचा, गाद्यांच्या दुकानात असते. तो खाली, आणि वर अर्धा-पाऊण इंच मऊ. समोरची कड, जिथून मांडी खाली उतरते, ती गोल घासून घ्यायची. ती चौकोनी राहिली तर मांडीच्या खालच्या नसा दबून पाय बधिर होतात आणि सिग्नलला पाय टेकवताना ती कड आड येते.

दुसरं, पायरी मागे सरकवायची. उंच माणसाला वर जाण्याइतकंच मागे जाणं कामाचं असते. पायरी दोन इंच मागे घेतली की खुबा मागे गेला, गुडघा उघडला, आणि टाकीची खोबणी गुडघ्याला सापडली.

तिसरं, रेग्झिन शिवायच्या आधी त्या नुसत्या फोमवर बसा. पाच मिनिटं नाही. अर्धा तास. दुकानासमोर गाडी मेनस्टँडवर घेऊन बसून राहा, लोक पाहतात तर पाहू द्या. कुठं टोचते ते पेनानं खूण करा, तो तिथं घासून देते. एकदा शिवलं की कोणी परत उघडत नाही.

जेलची गादी टाकू नका. पुण्या-बंगलोरला ठीक असेल. आपल्याकडे २०१३ च्या मे महिन्यात पारा ४७.९ वर गेला होता. दुपारी उन्हात उभ्या गाडीवरचं जेल गरम झालं की लवकर थंड होत नाही.

शिलाई बुडाखाली येऊ देऊ नका, बाजूला घ्या. बुडाखाली आली की पावसाचं पाणी टाक्यांतून आत जाते आणि फोम दोन दिवस ओला राहते. फोम आणि रेग्झिनच्या मधे प्लॅस्टिकचा पातळ कागद टाकायला सांगा.

पाच फूट दोन

एक शंका. आमच्याकडे एकच गाडी आहे. भाऊ ६ फूट, मी ५ फूट २ इंच. सीट उंच केली तर मला चालवता येणार नाही. दोन सीटा ठेवून बदलत राहणं व्यवहारात जमतं का?

जुना पाना

जमते ताई. किल्लीनं उघडणारी सीट असेल तर मिनिटाचं काम. साइड पॅनेलच्या आत दोन बोल्ट असतील तर पाच मिनिटं. पण सीट बसवल्यावर पुढची जीभ टाकीखालच्या कडीत गेली का ते ओढून पाहत जा. आणि भावानं हॅन्डल, लिव्हर स्वतःपुरते फिरवले तर तुम्हाला ते जमणार नाहीत, तेव्हा तेवढं दोघांनी मिळून मधलं ठरवा.

निळी टाकी

शॉकअपचं कोणी बोललं नाही. मागचे शॉकअप कडक केले तर गाडी वर उचलली जाईल ना? तेवढाच फायदा.

काटोल रोड

त्याने पूर्ण गाडी उचलली जाते, सीट आणि फुटरेस्ट दोन्ही एकत्र. गुडघ्याच्या कोनात काडीचा फरक पडत नाही. पण ९२ किलो वजनाला प्रीलोड (शॉकअपच्या स्प्रिंगचा ताण) एक-दोन खाचा वाढवणं वेगळ्या कारणासाठी आवश्यकच आहे. कारखान्यातून गाडी मधल्या वजनाच्या माणसाला धरून येते. वजनदार माणूस बसला की मागची बाजू जास्त बसते, समोरचं चाक हलकं पडतं, हेडलाइट झाडांच्या शेंड्यांवर जातो आणि खड्ड्यात शॉकअप तळाला आपटतो. माणूस बसल्यावर एकूण चालीच्या साधारण एक तृतीयांश इतकं शॉकअप दबलं तर ठीक समजावं. सी-पान्याने दोन्ही बाजू सारख्याच खाचेवर ठेवायच्या. नंतर हेडलाइट भिंतीवर पाडून पुन्हा खाली घ्यायचा, हे बरेच जण विसरतात.

वर्धारोडकर

सीट झाली! घाट रोडकडून एक जुनी सीट मिळवली आणि बर्डीतल्या एका सीटवाल्याकडे दोन शनिवार बसलो. सीट, फोम, रेग्झिन आणि मजुरी मिळून अडीच हजारांच्या आत काम झालं.

पाना काका, तुम्ही म्हणालात तसा नुसत्या फोमवर अर्धा तास बसलो. वीस मिनिटांपर्यंत सगळं छान वाटत होतं. एकविसाव्या मिनिटाला डाव्या मांडीखाली कड लागायला लागली. पाच मिनिटांत उठलो असतो तर ती कड आत शिवली गेली असती. घासून घेतली.

पुढचा भाग ४ सेंटिमीटर वर, पायरी ५ सेंटिमीटर मागे. मागच्या सीटची उंची बदलली नाही. तिची लांबी मात्र तेवढी कमी झाली, म्हणून आईला दुकानापर्यंत घेऊन गेलो आणि शिवण्याआधी तिलाही बसवलं. सीटवाल्याने तिच्यासाठी स्टूल आणलं. ती म्हणाली, "आधीपेक्षा बरं आहे, मधे तुझी पाठ सारखी अंगावर येत होती, आता येत नाही." मला हे कधी कळलंच नव्हतं. मी खोलगट भागातून सरकून सरकून तिच्यावर रेलत होतो आणि ती इतकी वर्षं काही बोलली नाही.

नवा फोटो काढला. ७२ चा कोन ८० झाला. आठच अंश, पण जामठा ओलांडल्यावर ठणका नाही. बुटीबोरीच्या अलीकडे थोडं जाणवतं.

आता पायाच्या लिव्हरचं विचारायचं आहे. माझा बूट ११ नंबरचा. गिअरच्या पुढच्या-मागच्या पट्टीत पाय अडकतो.

सोनेगाव फिजिओ

आठ अंश म्हणजे खूप झाले. घोट्याकडेही लक्ष द्या. ब्रेकचा पेडल उंच असेल तर पायाचा पंजा दिवसभर वर खेचून धरावा लागतो, नडगीचा स्नायू थकतो आणि पाय नकळत बाहेर वळतो. मग गुडघा पुन्हा पिळला जातो. पंजा फुटरेस्टवर सैल ठेवल्यावर पेडल तळव्याच्या किंचित खाली असावा.

जुना पाना

पहिले ब्रेक. तुमचा मागचा ब्रेक ड्रमचा असेल. पेडलजवळ एक छोटा अटकाव-बोल्ट असते, त्यावर लॉकनट. तो फिरवून पेडल खाली घ्या. पण इथं थांबू नका. पेडलची जागा बदलली की मागच्या रॉडचा खेळही बदलते. चाकाजवळच्या नटानं पेडलला २० ते ३० मिलीमीटर मोकळा खेळ ठेवा, मग चाक हातानं फिरवून पाहा, कुठं घासते का. खेळ कमी राहिला तर ब्रेकशू दिवसभर घासत राहतात, ड्रम तापते आणि ऐन वेळी ब्रेक लागत नाही. त्यानंतर ब्रेकलाइटचा स्विच. तो स्प्रिंगवर असते. पेडल खाली गेला की लाइट सतत चालू राहते किंवा लागतच नाही. वर्धा रोडवर मागून ट्रक येतात, हे पाहिल्याशिवाय गाडी बाहेर काढू नका.

गिअर लिव्हर दातेरी दांड्यावर बसलेला असते. बोल्ट नुसता ढिला करून तो निघत नाही, पूर्ण काढावा लागते, कारण बोल्ट दांड्यावरच्या खाचेतून जाते. हातोडा मारू नका. बोल्ट काढा, लिव्हर ओढा, एक दात फिरवून परत बसवा. एकच दात. तुमच्या ११ नंबरच्या बुटाला पुढची पट्टी थोडी वर पाहिजे म्हणजे अंगठा खाली सहज जाईल. पण पुढची वर गेली की मागची खाली येते, ती इंजिनाला किंवा फुटरेस्टला टेकत नाही ना हे सगळे गिअर टाकून पाहा. मागची पट्टी वापरतच नसाल तर फक्त पुढच्या पट्टीचा लिव्हर मिळते, तो लावून टाका, पायाला जागाच जागा.

वर्धारोडकर

मागची पट्टी कधीच वापरत नाही. उद्याच नवा लिव्हर बघतो. आणि आता हॅन्डल? सीट वर गेल्याने खरंच खाली वाकावं लागतंय. तळहातावर भार येतो.

जुना पाना

आता रायझर लावा. पण ३० चे नाही, २० चे. आणि ह्या वेळी नीट.

रायझरसोबत आलेले बोल्ट मोजा. ८ मिलीमीटरचा बोल्ट असेल तर खाली निदान १२ मिलीमीटर आटे पकडले गेले पाहिजेत. आखूड बोल्टवर हॅन्डल उभं राहते, पण खड्ड्यात आटे उपटतात. मग वायरांचे रस्ते पाहा. एक्सलेटर आणि क्लचचे वायर बहुतेक वेळा हेडलाइटमागे एखाद्या कडीतून वळसा घेऊन येतात, तो वळसा मोकळा केला की इंचभर लांबी सापडते. ब्रेकचा पाइपही एका क्लिपमध्ये असते. तेवढ्यानंही पुरलं नाही तर लांब वायर लावायचे, ओढून-ताणून बसवायचं नाही. एक्सलेटरच्या मुठीला २ ते ६ मिलीमीटर मोकळा खेळ पाहिजे, हॅन्डल कुठंही वळलेलं असो. आणि मघाशी सांगितलेली इंजिन चालू ठेवून करायची परीक्षा, दोन्हीकडे पूर्ण वळवून. तुमच्या मनात यू-टर्नची धास्ती आहे, ती तिथं मेनस्टँडवरच जाईल.

हॅन्डल मागे झुकवलं तर ब्रेक-क्लचचे लिव्हरही फिरवा. सीटवर बसून हात सरळ लांबवा, बोटं कोपरापासून एका रेषेत लिव्हरवर पडली पाहिजेत. मनगट वर मुडपलेलं नको. डिस्क ब्रेकच्या तेलाची डबी शक्यतो आडवी सपाट राहू द्या. क्लॅम्पचे पुढचे-मागचे बोल्ट थोडे-थोडे करून आळीपाळीनं कसा.

काटोल रोड

आरसेही पुन्हा लावा. उंच झाल्यावर स्वतःचे खांदेच दिसतात. आणि वारा थोडा जास्त लागेल, मोकळ्या रस्त्यावर ट्रक शेजारून गेला की डोकं हलल्यासारखं वाटतं. त्यावर काच बसवायची घाई करू नका. छोटी काच उंच माणसाच्या बरोबर हेल्मेटवर वाऱ्याचा भोवरा सोडते, त्यापेक्षा स्वच्छ वारा अंगावर घेतलेला बरा.

वर्धारोडकर

तीन आठवडे चालवून मग लिहितोय, म्हणजे नव्याची नवलाई वजा होईल.

२० चे रायझर बसवले. एक्सलेटरचा वायर वळसा मोकळा करूनही तीन-चार मिलीमीटर कमी पडत होता, नवा लांब वायर घातला. इंजिन चालू ठेवून हॅन्डल दोन्हीकडे दहा-दहा वेळा फिरवलं. रेस हलली नाही. मग छत्रपती चौकात त्याच यू-टर्नला जाऊन आलो, रविवारी सकाळी सहाला, रस्ता रिकामा असताना. दोनदा.

ब्रेकचा पेडल खाली घेतला, खेळ २५ मिलीमीटर. ब्रेकलाइट खरंच सतत चालू राहिला होता, काकांनी लिहिलं नसतं तर कळलं नसतं. गिअरला एकाच पट्टीचा लिव्हर. प्रीलोड दोन खाचा वर, हेडलाइट खाली.

शेवटच्या फोटोत कोन ८१. गुडघे टाकीच्या खोबणीत बसतात. बुटीबोरीला उतरून सरळ चालत गेटपर्यंत जातो. गेल्या शनिवारी रामटेकला जाऊन आलो, मनसरला चहासाठी थांबलो तेवढंच. परतल्यावर मांड्या थकल्या होत्या, गुडघे नाही.

एक गोष्ट अजून नीट झालेली नाही. लांब चालवली की उजव्या तळहाताला मुंग्या येतात.

सोनेगाव फिजिओ

मूठ फार घट्ट धरत असाल. गुडघ्यांनी टाकी धरा, आता ते शक्य आहे. हात आपोआप सैल पडतील. पंधरा दिवसांत फरक नाही पडला तर हॅन्डल दोन-तीन मिलीमीटर पुढे फिरवून बघा.

हिंगणा टी पॉइंट

नवीन सभासद. पूर्ण धागा वाचला. माझा मुलगा १९ वर्षांचा, ६ फूट ४ इंच, आणि वाढ अजून थांबलेली दिसत नाही. कॉलेजला माझी जुनी कम्युटर घेऊन जातो आणि पाठ दुखते म्हणतो. मी त्याला म्हणत होतो की मोबाइलमुळे दुखते. आज त्याला गाडीवर बसवून बाजूने फोटो काढला. कोन ६९ आला. सीट करण्याआधी अशी केलेली सीट एकदा बसून बघायला मिळाली तर त्याला कळेल की काय मागायचं. नागपुरात कोणाकडे आहे?

वर्धारोडकर

दादा, माझ्याकडे आहे. रविवारी सकाळी सातला फुटाळ्याला या, मुलाला घेऊन. दोन्ही सीटा आणतो, जुनीसुद्धा. आधी जुनीवर वीस मिनिटं बसू द्या, मग नवीवर. टिकल्या आणि कोनमापक माझ्याकडे आहेत. त्याला म्हणावं, कॉलेजचे बूट घालून ये.